मंडळीच्या इतिहासातून काय गाळायचं, काय ठेवायचं

प्रश्न : सप्रेम सलाम. मी कोल्हापुरात एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. लघुशोधप्रबंधासाठी मी कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळीचा १९०० पर्यंतचा इतिहास हा विषय घेतला आहे. त्यातच मंडळीच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतलं इतिहासाचं प्रकरणही माझ्याच गळ्यात पडलं. मार्गदर्शक सर म्हणतात, "श्रद्धा बाजूला ठेव, नाहीतर तो इतिहास राहणार नाही." मंडळीतले वडीलजन म्हणतात, "देवानं काय केलं ते लिही, जुनी भांडणं उकरू नकोस." सभेच्या जुन्या वहीत मला दोन गटांच्या वादाची आणि काही शिस्तीच्या प्रकरणांची पानं सापडली आहेत. आणि दुष्काळातल्या बाप्तिस्म्यांचा विषय निघाला की वर्गातली मुलं टोमणे मारतात, ते वेगळंच. श्रद्धेच्या नजरेनं इतिहास अभ्यासायचा म्हणजे नेमकं करायचं काय? सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमचे सर आणि वडीलजन दोन टोकांवरून बोलतात, पण दोघांच्या मनात एकच धास्ती आहे : श्रद्धा आणि कागद समोरासमोर आले की एकाला माघार घ्यावी लागणार. आम्हाला तसं वाटत नाही. कोणता प्रश्न घ्यायचा हे श्रद्धेनं खुशाल ठरवावं. आपल्याच माणसांबद्दल खरं लिहायचं धाडसही तिनं द्यावं. फक्त जिथे कागद गप्प आहेत तिथे "हे देवानं केलं" असं लिहून ती जागा भरू नये. एवढं पाळलंत तर प्रबंध आणि स्मरणिका दोन्ही एकाच टिपणवहीतून लिहिता येतील.

पहिला धडा शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच आहे, आणि तो वाचून नाही, हातानं करायचा आहे. मोठ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला २ शमुवेल, अध्याय ११ आणि १२ उतरवा, उजव्या बाजूला १ इतिहास या बायबलमधल्याच पुस्तकातला अध्याय २०, पहिल्या तीन ओव्या. दोन्हीकडे सुरुवात जवळजवळ शब्दाला शब्द सारखी आहे : राजे लढाईला निघतात तो हंगाम, यवाब सैन्य घेऊन गेला, राब्बाला वेढा पडला, दावीद यरुशलेमातच राहिला. आता डावीकडे बथशेबा येते, उरीयाचा खून होतो, नाथान दावीदाच्या तोंडावर "तो माणूस तूच" म्हणतो, मूल मरतं. ११:२ पासून १२:२५ पर्यंत मोजा, ५१ ओव्या होतात. उजवीकडे यांतली एकही नाही. एका ओवीत दावीद यरुशलेमात बसलेला आहे आणि पुढच्याच ओवीत राब्बाच्या राजाचा मुकुट त्याच्या डोक्यावर आहे. तो तिथे पोहोचला कधी? २ शमुवेल १२:२९ सांगतं की दावीद सगळे लोक जमवून राब्बावर गेला. १ इतिहासाच्या लेखकानं मधला मजकूर काढला आणि जोड उघडा राहिला.

हा जोड बघायची सवय लागली की मंडळीचे अहवालही तुम्ही तसेच वाचाल. "१८ महिन्यांनी पुन्हा उपासना सुरू झाली" असं वाक्य दिसलं की विचारायचं, बंद का पडली होती?

मात्र इथे थांबून "म्हणजे १ इतिहास पाप झाकतं" असा निकाल देऊ नका. पुढचाच अध्याय उघडा. दावीदानं केलेली लोकांची गणती, तिच्यावरून आलेली मरी, सगळं तिथे सविस्तर आहे, कारण त्या गोष्टीच्या शेवटी जे खळं येतं तिथेच पुढे मंदिर उभं राहायचं असतं. बंदिवासातून परतलेल्या, मंदिर आणि उपासना पुन्हा उभी करणाऱ्या लोकांसाठी तो लेखक लिहितो आहे आणि त्या कामाला लागेल ते निवडतो आहे. त्याच गणतीचं कारण दोन्हीकडे काय दिलं आहे तेही ताडून पाहा. २ शमुवेल २४:१ म्हणतं, परमेश्वराच्या क्रोधानं दावीदाला प्रवृत्त केलं. १ इतिहास २१:१ म्हणतं, सैतानानं. घटना एक, लेखक दोघे, अर्थ दोन. आणि ज्यांनी शास्त्र सांभाळलं त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली, एकाला दुसऱ्यासारखं करून घेतलं नाही. वडीलजनांशी बोलायला बसाल तेव्हा हा कागद सोबत न्या. वाद घालण्यापेक्षा तो समोर पसरणं जास्त उपयोगी पडेल.

आता सरांचा आक्षेप. तो नीट समजून घ्या, कारण त्यात तथ्य आहे. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. ही मोहीम दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे : २ राजे १८–१९ मध्ये, आणि सन्हेरीबाच्या स्वतःच्या मातीच्या लेखात, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सन्हेरीब म्हणतो, हिज्कीयाला मी यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. खंडणीचं सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (त्या काळचं वजनाचं माप). चांदी मात्र शास्त्रात ३००, लेखात ८००. यरुशलेम घेतलं असं सन्हेरीब कुठेही म्हणत नाही, आणि ४६ तटबंदीची गावं जिंकल्याची फुशारकी मारणारा राजा राजधानी घेतली असती तर सांगायचा राहिला नसता. म्हणून "खंडणी दिली गेली, शहर पडलं नाही" हे कुणीही इतिहासकार लिहू शकतो, तो ख्रिस्ती असो वा नसो. चांदीचा आकडा का जुळत नाही यावर तर्क करता येईल, पण तर्क म्हणूनच. सैन्य मागे फिरलं त्यामागे परमेश्वराचा दूत होता, हे शास्त्र सांगतं आणि आपण विश्वासानं धरतो. मातीच्या लेखातून ते सिद्ध होत नाही, खोटंही ठरत नाही.

टिपणवहीत म्हणून तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं आणि ते कुठल्या कागदावरून कळलं. दुसऱ्यात माणसांच्या व्यवहारातली कारणं : पाऊस, पैसा, कायदा, नातीगोती, कुणाची बदली, कुणाचा स्वभाव. तिसऱ्यात या सगळ्याकडे विश्वासू माणूस म्हणून बघताना तुम्हाला काय वाटतं ते. प्रबंधात पहिले दोन जातील. स्मरणिकेत तिसराही जाईल, पण वेगळ्या परिच्छेदात, वाचणाऱ्याला कळेल असा. गोंधळ होतो तो तिसऱ्यातलं दुसऱ्यात सरकल्यामुळे. "देवानं दार उघडलं म्हणून शाळा वाढली" असं एकदा लिहिलं की शाळा कशामुळे वाढली हे शोधायचं राहूनच जातं. त्याऐवजी "या वाढीचं श्रेय मिशनऱ्यांनी देवाच्या कृपेला दिलं" असं लिहिलंत तर ती पक्की ऐतिहासिक नोंद आहे. ते तसं मानत होते, आणि त्या मानण्यातून त्यांनी पुढे काय केलं हेही अभ्यासाचंच आहे. सरांनाही यावर बोट ठेवता येणार नाही. शिवाय प्रबंधाच्या प्रस्तावनेत एका वाक्यात सांगून टाका की मी याच मंडळीची सभासद आहे. लपवलं तर तो दोष ठरतो, सांगितलं तर वाचणारा आपोआप सावध होऊन वाचतो.

देवाचा हात कुठे दिसतो हे घाईनं सांगण्यात जो धोका आहे तो आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. त्या काळच्या अनेक मिशनरी पत्रांत इंग्रजांचा विजय हा देवाचाच निवाडा म्हणून मांडलेला सापडतो. जिंकणाऱ्याच्या बाजूला देव आहे असं धरलं की मग वधस्तंभाचं काय करायचं? शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा प्रश्न स्वतः प्रभूनं लूक १३ मध्ये विचारला आणि "नाही" असं उत्तर दिलं. इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा लोकांनी ख्रिस्ती धर्माला बोल लावला. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि त्यात त्याची सुमारे १३ वर्षं गेली. एखादं राज्य वर आलं किंवा बुडालं एवढ्यावरून देवाचा निकाल वाचता येत नाही, हा त्याच्या उत्तराचा गाभा. दुष्काळ, प्लेग, महापूर यांवर लिहिताना हे मनाशी असू द्या.

आता कागदांकडे. "१९०० पर्यंतचा इतिहास" हा विषय लघुशोधप्रबंधाला फार मोठा आहे. एक प्रश्न, एक गाव किंवा एक संस्था, फार तर वीस वर्षं, एवढंच घ्या. दुष्काळाचा टोमणा तुम्हाला सलतो आहे, तर तोच प्रश्न घ्या : १८९० ते १९१० या काळात बाप्तिस्मे कुणाचे झाले, कधी झाले, आणि ती माणसं पुढे मंडळीत राहिली का?

त्याआधी कागद कुठल्या घरचे आहेत हे माहीत हवं. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेकडून. १८५४–५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीला आले. शाळांवरचा भर कमी करून देशी भाषेतल्या उपदेशावर तो द्यावा असं त्यांचं धोरण, आणि वाइल्डर शाळांचे कट्टर समर्थक. संबंध बिघडले. पुढे काही वर्षं वाइल्डर कुठल्याही बोर्डाशिवाय स्वतंत्रपणे काम करत राहिले आणि १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. याचा सरळ परिणाम तुमच्या शोधावर होतो. आधीची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, नंतरची फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत, आणि मधल्या स्वतंत्र वर्षांचा पत्ता बोर्डांच्या वार्षिक अहवालांत लागत नाही. अहवाल नाही म्हणजे काम नाही, असं मात्र समजू नका. प्रेस्बिटेरियन बोर्डाचे बरेच जुने वार्षिक अहवाल स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, त्यामुळे अमेरिकेला न जाताही बरंच हाती लागेल. मराठीत 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघतं, त्याचे त्या वर्षांचे अंक शोधा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे आणि विद्यापीठाचं ग्रंथालय आहेच, दोन्हीकडे विचारा.

हे अहवाल अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत हे वाचताना सतत ध्यानात ठेवा. पैसा थांबू नये म्हणून यश दिसायला हवं, आणि पैसा वाढावा म्हणून गरजही दिसायला हवी. त्यामुळे एकाच पानावर "कापणी पिकली आहे" आणि "अंधार घनदाट आहे" अशी दोन्ही चित्रं येतात. मिशनऱ्याचं नाव पूर्ण येतं, पण गावोगाव फिरणारा उपदेशक, शाळामास्तर, घरोघरी शास्त्र वाचून दाखवणारी बायबल वुमन पुष्कळदा बिननावाचीच जाते. त्यांची नावं पगाराच्या याद्यांत, बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांत, दफनभूमीतल्या दगडांवर शोधावी लागतात. स्मरणिकेत तुम्ही एवढं एकच काम नीट केलंत, म्हणजे अशा दहा-बारा माणसांची नावं कागदाच्या आधारानं परत आणलीत, तरी आम्ही तिला मोठं काम म्हणू.

मुख्य कागद म्हणजे मंडळीचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. लेखी परवानगी घ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइलनं पानागणिक एक फोटो काढा. कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, काहीही सोडू नका. शिवण उलेल इतकं रजिस्टर दाबून सपाट करू नका. दोनशे पानांना दोन-अडीच तास पुरतात. मग तक्ता करा : पान, अनुक्रम, तारीख, नाव, आईबाप, वय, गाव, बाप्तिस्मा देणारा, साक्षीदार, शेरा. नाव जसं लिहिलं आहे तसंच उतरवायचं, दुरुस्त करून नाही. "हे बहुतेक तेच कुटुंब" हा तुमचा अंदाज शेवटच्या वेगळ्या रकान्यात.

इथे चार ठिकाणी हमखास चूक होते. बाळांचे आणि प्रौढांचे बाप्तिस्मे एकत्र मोजले जातात. प्रेस्बिटेरियन मंडळीत सभासदांच्या बाळांचाही बाप्तिस्मा होतो, त्यामुळे आकडा वाढला तो नव्यांनी की जुन्यांच्या पोरांनी, हे वय पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरं, अहवालातला आकडा कधी बाप्तिस्मा झालेल्यांचा असतो, कधी फक्त प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांचा, कधी उपासनेला येणाऱ्या सगळ्यांचा. एकाच आलेखात हे तिन्ही आले की मंडळी एका वर्षात दुप्पट झालेली दिसते. तिसरं, दुसऱ्या गावाहून दाखला घेऊन आलेले लोक नव्या बाप्तिस्म्यांत धरले जातात. चौथी चूक सगळ्यात फसवी. वीस वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, खाडाखोड न करता असतील तर ते मूळ रजिस्टर नाही. नंतर कुणीतरी बसून केलेली ती स्वच्छ प्रत आहे. तारखा आठवणीनं घातलेल्या असू शकतात, आणि शिस्तीमुळे नाव कमी झालेली माणसं प्रत करताना वगळलेली असू शकतात. मूळ रजिस्टरात लेखणी बदलते, शाई फिकी-गडद होते, कडेला शेरे येतात.

दरबारच्या कागदांसाठी मोडी लागेल. कोल्हापुरात मोडीचे वर्ग वेळोवेळी भरतात. मुळाक्षरं दोन-तीन आठवड्यांत येतात, पण खरा दरबारी हात वाचायला काही महिने रोज एक पान वाचावं लागतं. ओळ आधी आखून तिला अक्षरं टांगलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणून विशेषनामं वाचताना फार जपा. तारखांचं गणित असं : शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांना ७९. फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९० मिळवायचे, मात्र फसली साल मृगाला, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं. फसली १३०६ म्हणजे जून १८९६ ते जून १८९७. या जानेवारी-जूनच्या घोळात अख्खं एक वर्ष चुकतं, आणि दुष्काळासारख्या विषयात एक वर्ष चुकलं तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

दुष्काळाकडे येऊ. १८९६–९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास मुंबईत सुरू होऊन पसरलेला प्लेग, मग १८९९–१९०० चा दुष्काळ. "धान्यासाठी बाटले" म्हणणारा आणि "दुष्काळात देवानं आत्मे गोळा केले" म्हणणारा, दोघांनाही शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं मन वाचता येतं असं वाटतं. कागदात मन क्वचित सापडतं. कागदात सापडतात त्या तारखा. म्हणून विचारण्याजोगे प्रश्न असे : मदतीचं काम सुरू होण्याआधी बाप्तिस्मे वाढले की नंतर? एकेकटी माणसं आली की अख्खी कुटुंबं? वस्तीत आधीपासून कुणी ख्रिस्ती नातलग होते का? शिकवणीला किती महिने बसवलं? आणि सगळ्यात बोलका प्रश्न, पाऊस परत आल्यावर दहा वर्षांनी त्यांतली किती नावं सभासदांच्या यादीत आहेत, किती जणांची मुलं मंडळीच्या शाळेत आहेत? सगळे निघून गेलेले दिसले तर तसं लिहा. बहुतेक राहिलेले दिसले तर तेही लिहा. शोधाला बसण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवा : कोणता पुरावा सापडला तर माझं मत बदलेल? तो कागद सरांना दाखवून ठेवा.

आणि हेही आम्हाला मनापासून सांगायचं आहे. उपाशी माणसाचा निर्णय खोटाच असतो असं समजणं हा त्या माणसाचा अपमान आहे. ज्या गावानं त्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्या गावात पोट, मान आणि देव हे तीन वेगळे प्रश्न नव्हते. तुमच्या चार पिढ्यांपूर्वीच्या माणसाला टोमणा मारणाऱ्यापुढे किंवा त्याचं कौतुक करणाऱ्यापुढे उभं करून त्याच्याकडून उत्तर घेण्याची गरज नाही. त्याचं नाव, गाव, वय आणि पुढचं आयुष्य जेवढं सापडेल तेवढं नीट लिहा.

मंडळीत जात शिल्लक राहिली का, हा प्रश्न टाळू नका. त्याचं उत्तर उपदेशांत नाही, विवाहाच्या रजिस्टरात आहे. कुठल्या गावच्या, कुठल्या आडनावाच्या घरांत सोयरीक झाली, तीन पिढ्यांत कुठली घरं एकमेकांकडे कधीच गेली नाहीत, हे तक्त्यात मांडलं की दिसतं.

उलट दिशेच्या मोहालाही आवर घाला. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले हे खरं. त्यावरून सत्यशोधक चळवळ आपल्या खात्यात जमा करणारे लेख स्मरणिकांतून येतात. फुल्यांवर टॉमस पेनचा प्रभाव होता, आणि पेन हा चर्चचा कडवा टीकाकार. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेचं ऋण लिहा, त्याच्या पुढे जाऊ नका. शाहू महाराजांच्या बाबतीतही हाच नियम. तसंच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडनच्या ब्राँझच्या मूर्तीचं. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, युवक संघाच्या मुलांना जरूर दाखवा. पौलाच्या काळच्या भूमध्य समुद्राकडच्या जगाचा एक तुकडा पंचगंगेच्या काठी आला होता, हे डोळ्यांनी दिसतं. पण ती व्यापाराची खूण आहे. पहिल्या शतकात कोल्हापुरात ख्रिस्ती होते असं तिच्यावरून निघत नाही.

आता तुमच्या हातातली वादाची पानं. आधी ती अस्सल आहेत का ते बघा. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला या पंडितानं पोपच्या राजसत्तेचा आधार मानलेलं कॉन्स्टंटाइनचं दानपत्र बनावट ठरवलं, तेही त्यातल्या लॅटिन शब्दांवरून. चौथ्या शतकात जे शब्द त्या अर्थानं वापरातच नव्हते ते त्यात होते. तीच कसोटी इथे लावा. १८८० चं म्हणून दाखवलेल्या टिपणात "नये पैसे" आले तर ते १९५७ नंतरचं आहे, "महाराष्ट्र राज्य" आलं तर १९६० नंतरचं.

अस्सल असतील तर दोन ढीग करा. मंडळीचा वाद, म्हणजे पाळक कुणी नेमायचा, पैसा कुणाच्या हाती, मिशनरी आणि देशी पाळक यांच्या पगारात फरक का, हा सार्वजनिक इतिहास आहे. तो गाळला तर तुमच्या प्रकरणातही राब्बाच्या मुकुटासारखा जोड उघडा पडेल. दोन्ही गटांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या शब्दांत द्या, आणि एकाच गटाचे कागद उरले असतील तर तसं स्पष्ट सांगा. दुसरा ढीग शिस्तीच्या प्रकरणांचा : दारू, व्यभिचार, मूर्तिपूजेकडे परतणं. यांचं प्रमाण, शिक्षा, माणूस परत घेतला गेला का, हे लिहा. नावं लिहू नका. नातवंडं त्याच बाकांवर बसतात. आणि मालमत्तेचा वाद आजही कोर्टात चालू असेल तर तो कागद स्मरणिकेत बिलकूल छापू नका, प्रबंधात घेण्याआधीही वकिलाला दाखवा.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. आपल्या भाषेत "साक्ष" देवळातही देतात आणि कोर्टातही. देवळातल्या साक्षीला ठरलेला आकार असतो : आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग उजेड. ती खोटी नसते, पण त्या आकारात न बसणारं बाहेर राहतं. कोर्टातल्या साक्षीची उलटतपासणी होते. तुम्हाला दोन्ही ऐकायच्या आहेत. "मंडळीचा इतिहास सांगा" असं विचारलं की पहिलीच मिळते. जुना फोटो पुढे ठेवून "ही कोण? हे घर कुठलं? पाणी कुठून आणत होता? शाळेची फी किती होती?" असं विचारलं की दुसरी सुरू होते. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, घरच्या चारचौघांत विचारू नका, आणि उत्तर तोंडात देऊ नका. लूकनं आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्यांत हीच कामाची पद्धत सांगितली आहे : आधी लिहिणारे होते, डोळ्यांनी पाहणारे होते, मी मुळापासून बारकाईनं तपासलं, मग क्रमवार लिहिलं.

एक शेवटचं काम स्मरणिकेच्या आधी उरका, कारण २०१९ आणि २०२१ चे महापूर कोल्हापूरकरांना सांगायला नकोत. रजिस्टरं खालच्या कपाटातून काढून वरच्या मजल्यावर हलवायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून बुरशी येते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. फाटक्या पानांना सेलोटेप लावू देऊ नका आणि "टिकेल" म्हणून कुणी लॅमिनेशन सुचवलं तर ठाम नाही म्हणा. ते पुन्हा निघत नाही आणि पान आतल्या आत पिवळं पडून मोडतं. फोटोंच्या तीन प्रती करा : एक मंडळीकडे, एक तुमच्याकडे, एक कोल्हापूरबाहेरच्या नातलगाकडे. प्रत्येक फोटोच्या नावात रजिस्टर आणि पान क्रमांक असू द्या, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला तुमची तळटीप उघडून थेट त्या पानावर जाता येईल.